किलोला अठ्ठावीस पोळ्या

कुठल्याशा नव्या विषाणूची बातमी आली की आठवड्याभरात माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, परत २०२० सारखं झालं तर? घरात सामान पुरेल का, घरचे नीट राहतील का, या विचाराने रात्री दोन-दोनला जाग येते." विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. डब्यांचे तळ ज्यांना ठाऊक, त्यांचीच झोप उडते.

मी त्यांना सुनंदाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

सुनंदाताई सिंहगड रस्त्याला राहतात. घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना त्या पोळी-भाजीचे डबे द्यायच्या. मार्च २०२० मध्ये ती मुलं गावी गेली आणि डबे बंद झाले. मिस्टर चाकणला एका कारखान्यात. एप्रिलचा पगार निम्मा आला. मार्केट यार्ड बंद होतं, त्यामुळे भाजीचा टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी येईल तो दिवस आपला. गहू असला तरी गिरणी उघडी सापडायला हवी. आमचं बोलणं मेमध्ये फोनवरच सुरू झालं. घरात आडोसा नाही, म्हणून त्या खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून बोलायच्या.

पहिल्या दोन वेळा मी साफ चुकले, हे आधी कबूल करते. बातम्या दिवसातून एकदाच बघा, रात्री दीर्घ श्वास घ्या, असं मी सांगितलं. सल्ला वाईट नव्हता. पण ज्या बाईच्या डब्यात चार दिवसांची तूरडाळ आहे तिला श्वासाचे धडे देणं म्हणजे उपाशी माणसाला हात धुऊन पानावर बसवायचं आणि वाढायचंच नाही! त्या शहाण्या, "हो मॅडम" म्हणाल्या. श्वास काही घेतला नाही त्यांनी.

तिसऱ्या वेळी विचारलं, "रात्री जाग आल्यावर नेमकं काय करता?"

"वही काढते. डबे उघडून बघते आणि काय किती उरलं ते लिहिते."

"घरात माहीत आहे कुणाला?"

"छे! सगळ्यांच्या जिवाला कशाला घोर? यांना आधीच नोकरीची धास्ती. आईंना तर पगार निम्मा झाल्याचंही सांगितलेलं नाही."

"वाचून दाखवाल?"

त्यांनी वाचलं. साखर, तेल, डाळी. पिठाशी आल्या तेव्हा आवाजात जरा तोरा आला. "पाच किलो पीठ सात दिवस जातं आमच्याकडे. यावेळी नऊ दिवस पुरवलं."

"ते कसं?"

"माझी एकेक पोळी कमी केली. दोन्ही वेळची."

मी समोरच्या कागदावर हिशेब मांडला. "किलोला किती होतात तुमच्या पोळ्या?"

"अठ्ठावीस." डबेवालीचं उत्तर, क्षणाचा उशीर नाही.

पाच किलोच्या एकशे चाळीस. रोज वीस लागत होत्या म्हणून सात दिवस. ताईंच्या दोन वजा केल्या तर अठरा, म्हणजे आठवा दिवससुद्धा पुरता निघत नाही.

"सुनंदाताई, तुमच्या दोन पोळ्यांत नववा दिवस बसत नाही. तो कुणाचा?"

पलीकडे शांतता. पार्किंगमधलं कुत्रं भुंकलं. मग, "आईंना हल्ली रात्रीचं पचत नाही. नुसतं ताक घेते म्हणतात. दुपारीही एकच घेतात."

"कधीपासून?"

यावेळची शांतता लांबली. मी मुद्दाम काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं मात्र शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरावी. "पगार आला त्याच आठवड्यापासून," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. आणि मी वहीत ते 'बचत' म्हणून लिहीत होते."

मला हा क्षण आजही पुरतो. एका स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींपासून लपवून अर्धपोटी उठत होत्या, आणि दोघींना वाटत होतं की घर आपल्यामुळे तगलंय. तुटवडा खराच होता. पण रात्री दोनला उठवणारी गोष्ट त्याच्या शेजारी बसली होती: हे मला एकटीलाच माहीत आहे आणि एकटीनेच निभवायचं आहे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराच्या पठडीतली. अडचण जेवढी छळते, त्याहून जास्त तिच्याबद्दल मनाने धरलेला हेका छळतो, असं ही पठडी मानते. इंग्रजीत हे समजावायला तक्ते काढावे लागतात. मराठीत एक अक्षर पुरतं. "घरात काही कमी पडू नये" ही इच्छा आहे. "कमी पडताच कामा नये" म्हटलं की त्या 'च'वर रात्र संपते. ताईंना मी दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावली. दुसऱ्या वाक्याला त्यांचा श्वास अडकला, तेव्हा कुठे माझा जुना सल्ला कामी आला.

त्या रात्री त्यांनी वही जेवणाच्या ताटांशेजारी ठेवली. नंतर मला कळलं ते असं. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पानशेतच्या पुरात आमचं नारायण पेठेतलं घर गेलं, मी चौदा वर्षांची होते. त्या वेळी उरलेलं आईने आम्हा पोरांना समोर बसवून मोजलं होतं. तू मला पोरांपेक्षा लहान समजलीस का गं?" १२ जुलै १९६१ बघितलेल्या बाईपासून पिठाचा डबा लपवायला आपण निघालो होतो, याचं ताईंना हसूच आलं.

मग सासूबाईंनी कपाटातून जुनं केशरी रेशन कार्ड काढलं. मे आणि जूनमध्ये केशरी कार्डावर माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळत होता. पाच नावांचं सगळं मिळून २४० रुपये. मिस्टरांचा अडसर एवढाच, "आपण रेशनच्या रांगेत?" इथेही 'च'च लपलेला होता: कुणी बघताच कामा नये. पहिल्या दिवशी ते टोपी खाली ओढून गेले. रांगेत त्यांच्या खात्यातला सुपरवायझर भेटला, तोही टोपी ओढून.

म्हणून आता जी कुणी विचारते, तिला मी आधी वही उघड करायला सांगते. लपवलेली मोजणी काळजी वाढवते, चारचौघांत केलेली मोजणी काम वाटून देते. मुलांनाही आकडे सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला घरातली कुजबुज कळते, फक्त आकडा कळत नाही, आणि मग तो मनानेच भयंकर आकडा धरतो. आजारपणाच्या काळजीचं पान मात्र वेगळं ठेवा. बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत, फाइल कुठे आहे, आपण आजारी पडलो तर मुलं कुणाकडे जातील. डाळ आणि मरण एकाच पानावर लिहिलं की दोन्हींचा हिशेब चुकतो. कर्जाचा हप्ता पुढे ढकलायची सवलत मिळाली तर घ्यायला हरकत नाही, पण आधी व्याज विचारा. २०२० च्या सवलतीतही ते चालूच होतं. घरात कोण कमी जेवतंय, इकडे लक्ष ठेवा. आरशात बघायलाही विसरू नका.

झोप दोन-तीन आठवडे येतच नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे, फोन मोफत असतो.

जुलैत पुण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली, १४ तारखेपासून दहा दिवस. आदल्या दोन दिवसांत किराणा दुकानांपुढे जत्रा होती. तेराच्या संध्याकाळी सुनंदाताईंचा फोन आला. मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून.

"रांगेत आहात का?"

"नाही, घरीच. वही आता आईंकडे आहे. प्रत्येकाच्या नावापुढे पोळ्या मांडल्यात त्यांनी. स्वतःच्या नावापुढे चार. आणि म्हणतात, तुझ्या पोळ्या जाड होतात, किलोला तीस निघायला हव्यात."

"आणि तुमच्या नावापुढे?"

"चार. खाली दोन रेघा मारल्यात."