वाचताना सगळं येतं, पेपरात आठवत नाही आणि बाहेर आल्यावर पुन्हा आठवतं, असं का होतं?

तू अकरावीत आहेस. धडा दोन-तीनदा वाचतेस, समजतो, पुस्तक मिटताना तयारी झाली असं वाटतं. पेपर हातात आला की डोकं कोरं होतं आणि वर्गाबाहेर पडल्यावर तेच उत्तर धडाधड आठवतं. माझी स्मरणशक्ती कमी आहे का आणि आदल्या रात्री जागून आणखी एकदा वाचलं तर फरक पडेल का, असं तू विचारलं आहेस. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. प्रत्येक सहामाहीनंतर कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या शंकेचं उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. स्मरणशक्ती कमी असती तर बाहेर आल्यावरही आठवलं नसतं. उत्तर डोक्यात होतं, हव्या त्या क्षणी बाहेर आलं नाही, एवढंच. साठवणं आणि काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. तू सराव पहिल्याचा केलास आणि परीक्षा दुसऱ्याची झाली.

एक करून बघ. वीस रुपयांची नवी हिरवट-पिवळी नोट तू कितीतरी वेळा हाताळली असशील. तिच्या मागच्या बाजूला कसलं चित्र आहे, ते नोट न काढता सांग. बहुतेकांना सांगता येत नाही. वेरूळची लेणी आहेत. आता वाचल्यावर ‘हो की!’ असं वाटलं असेल, कारण चित्र ओळखीचं होतं. ओळखता येणं आणि स्वतःहून आठवता येणं यांत एवढं अंतर असतं.

धडा तिसऱ्यांदा वाचताना हेच होतं. ओळी ओळखीच्या झालेल्या असतात, डोळे भराभर पुढे सरकतात आणि वाचण्याच्या त्या सोपेपणाला मेंदू ‘मला हे येतं’ असं समजतो. पेशीविभाजनाच्या पानावर पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावं समोर दिसत असताना सगळं स्वच्छ असतं. पेपरात मात्र ‘मध्यावस्थेत काय घडते?’ एवढीच ओळ असते. बाकी सगळं तुला आतून काढायचं असतं आणि तसं काढण्याची वेळ याआधी एकदाही आलेली नसते.

यावर एक प्रयोग झाला आहे. मी तो दरवर्षी वर्गात सांगते, कारण तो ऐकल्यावर मुलांची अभ्यासाची पद्धत खरोखर बदलताना पाहिली आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या सत्रात वाचला, साधारण तीन-साडेतीन वेळा. उरलेल्या तीन सत्रांत त्यांनी उतारा न बघता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. १४ वेळा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं आणि लिहून काढणाऱ्यांकडे ६१ टक्के.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. आठवड्याने किती आठवेल, असं आधी विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांना होती. म्हणजे पुस्तक मिटताना तुला वाटणारा आत्मविश्वास आणि पेपरात प्रत्यक्ष आठवणं यांची दिशा उलटीसुद्धा असू शकते. ‘तयार झालं’ ही भावना मोजमाप म्हणून वापरायची नाही. पुस्तक बंद करून किती लिहिता आलं, हेच खरं मोजमाप.

लिहून काढताना त्रास होतो. अर्ध्यावर अडतं, चिडचिड होते, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं आणि म्हणून मुलं ते टाळतात. पण त्या अडण्याचाच उपयोग होतो. डोक्याला ताण देऊन एखादी गोष्ट बाहेर काढली की पुढच्या वेळी ती काढणं सोपं जातं. नुसत्या वाचण्यात ताण देण्याची वेळच येत नाही. ओळींवर रंगीत पेन फिरवण्यातही नाही. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. रंगीत पेनने खुणा करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या सर्वांत वर राहिल्या.

इथे मला आपल्याकडच्या परवच्याची आठवण होते. घरात आजी-आजोबा असतील तर विचार. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलं बसून पाढे आणि पावकी, निमकी, दीडकी म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचेही पाढे म्हणायची, तेही पुस्तकाशिवाय. रोज तीच उजळणी, पण रोज आठवूनच. आज ‘घोकंपट्टी’ म्हणून आपण ते सगळं एका फटक्यात मोडीत काढतो, ते मला पटत नाही. न समजता पाठ केलेल्या व्याख्येचा उपयोग नाही हे मान्यच. पण समजलेली गोष्ट दररोज न बघता म्हणून दाखवणं, ही वर सांगितलेल्या दोन्ही उत्तम पद्धतींची जोडी आहे आणि ती आपल्या ओसरीवर कित्येक पिढ्या चालत आली होती.

दररोज कशासाठी, तेही सांगते. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये पुस्तक लिहिलं. ते निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, ते मोजायचे. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने सुमारे २१ टक्के. विसरण्याची मोठी घसरण पहिल्या दिवसातच होते, पुढे वेग मंदावतो. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या भराभर जात नाही, पण वळण तेच. म्हणून आज शिकलेलं उद्या एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा आणि पंधरवड्याने एकदा न बघता लिहावं. दर वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून फक्त सुटलेलं वाचायचं. ही शेवटची पायरी गाळू नकोस, नाहीतर चुकीचंच पक्कं होतं.

आता बाहेर पडल्यावर आठवण्याबद्दल. यात तीन गोष्टी एकत्र घडतात. एक म्हणजे भीती. ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. झुरिकमध्ये २०००च्या सुमारास झालेल्या एका प्रयोगात आदल्या दिवशी शब्द पाठ केलेल्या लोकांना, ते आठवायच्या तासभर आधी, शरीरात ज्याचं कॉर्टिसॉल बनतं अशा औषधाची गोळी दिली होती. त्यांना शब्द कमी आठवले. पाठ करताना काहीच बिघडलं नव्हतं, आठवण्याच्या वेळी बिघडलं. शिवाय मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरता येतात आणि त्यातली जागा ‘नापास झाले तर?’ यानेच अडवलेली असते. पेपर दिल्यावर ती मोकळी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकीचा शब्द आडवा येणं. नाव जिभेवर असतं, पहिलं अक्षरही माहीत असतं, पण दर वेळी भलतंच नाव पुढे येतं आणि जितका जोर लावावा तितकं तेच येत राहतं. लक्ष दुसरीकडे गेलं की ते मागे सरतं. तिसरी गोष्ट साधी आहे. बाहेर मैत्रीण म्हणते, ‘अगं, पेशीविभाजनात ते तर्कुतंतूंचं लिहिलंस का?’ आणि त्या एका शब्दाला धरून सगळं वर येतं. ही खूण तुला आत बसून स्वतःच शोधायची होती.

म्हणून पेपरात अडलं तर त्या प्रश्नाशी झगडत बसू नकोस. जागा सोडून पुढचा सोडव. परत आल्यावर उत्तराऐवजी त्याच्या आजूबाजूचं आठव. धड्यात आकृती कुठे होती, बाईंनी फळ्यावर काय काढलं होतं, याआधी काय शिकवलं होतं. तेच कच्च्या कामाच्या जागी पेन्सिलने लिही. बरेचदा तिथून वाट सापडते. पेपरच्या आधी फार धडधडत असेल तर आणखी एक उपाय आहे. शिकागो विद्यापीठातल्या २०११ च्या एका अभ्यासात परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांनी पेपरआधी दहा मिनिटं आपली भीती मोकळेपणाने कागदावर लिहून काढली आणि त्यांचे गुण सुधारले. कागद कुणाला दाखवायचा नाही, शुद्धलेखनही बघायचं नाही.

राहिली आदली रात्र. जागू नकोस. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं मोठं काम झोपेत चालतं. १९२४ मध्येच कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दाखवलं होतं की पाठ केल्यावर झोपलेल्यांना जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं. पहाटे तीनला चौथ्यांदा वाचलेल्या पानाने ओळख तेवढी वाढेल, आणि सकाळी पेपरला बसशील तेव्हा लक्ष लागणार नाही. संध्याकाळी कोऱ्या कागदावर प्रत्येक धड्याचे मुद्दे काढ, सुटलेले पाहून घे आणि वेळेवर झोप. पुढची घटक चाचणी जवळ असेल तर सगळे विषय एकदम बदलायला जाऊ नकोस. तुला सगळ्यांत जड जाणारा एक धडा घे आणि आजच पुस्तक मिटून लिहायला बस.