विद्यापीठातील धार्मिक आणि सांस्कृतिक विविधतेला संस्थेने नेमका आधार कसा द्यावा?

आपण लिहिले आहे की आपल्या विद्यापीठात निरनिराळ्या धर्मांचे आणि भाषांचे विद्यार्थी आहेत, सांस्कृतिक दिनही दरवर्षी थाटात होतो, तरीही मुले आपापल्या कोंडाळ्यातच राहतात. अशा वेळी संस्थेने काय करावे? मी परीक्षा विभागात आणि विद्यार्थी कल्याण समितीवर काम केलेले असल्यामुळे माझे उत्तर थोडे कारकुनी वाटण्याचा संभव आहे. सुरुवात वेळापत्रक आणि अर्जांचे नमुने यांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सांस्कृतिक दिन हौसेने जरूर करावा, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

वेळापत्रक ठरवताना बहुतेक ठिकाणी सरकारी सुट्ट्यांची यादी समोर ठेवतात आणि तेवढ्यावर काम भागले असे समजतात. घोडे पेंड खाते ते इथेच. हिजरी म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. म्हणजे आज परीक्षेपासून दूर असलेला हा महिना कधी परीक्षेवर येऊन आदळणार, हे बरेच आधी मोजता येते. महिन्याची सुरुवात आणि अखेर अनेक ठिकाणी चंद्रदर्शनावर ठरत असल्यामुळे ईदच्या संभाव्य तारखेच्या आगेमागे एक दिवस मोकळा ठेवणे शहाणपणाचे असते. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्तीही शनिवारच पाळतात, आणि जुनी ज्युलियन दिनदर्शिका मानणाऱ्या ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील ख्रिस्ती) चर्चचा नाताळ 7 जानेवारीला येतो. हे सगळे दिवस सुट्टीचे करणे कोणत्याही विद्यापीठाला शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही सहसा कोणी करत नाही. मात्र त्या दिवशी एकदाच होणारी, पुन्हा देता न येणारी परीक्षा ठेवायची नाही आणि उपवासाच्या काळात मोठे पेपर शक्यतो सकाळच्या सत्रात घ्यायचे, एवढे पथ्य कोणत्याही परीक्षा विभागाला पाळता येते.

यानंतर गैरहजेरीच्या अर्जाचा नमुना एकदा हातात घेऊन पाहा. कारणाच्या रकान्यात आजारपण, कुटुंबातील मृत्यू, क्रीडास्पर्धा असे चौकोन असतात, शेवटी ‘इतर’ असते आणि खाली पुरावा जोडण्याची सूचना असते. ज्याला आपल्या धर्माचा एक दिवस पाळायचा आहे त्याने ‘इतर’वर खूण करून कोणाचा दाखला जोडावा? मग तो आजारपणाचे खोटे कारण लिहितो, नाही तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत परीक्षेला बसतो. अर्जात ‘धार्मिक किंवा सांस्कृतिक दिवस’ असा स्वतंत्र चौकोन द्यावा, दाखला मागू नये, त्याऐवजी सत्राच्या आरंभीच तारीख कळवण्याची अट घालावी आणि पर्यायी परीक्षा त्याच काठिण्यपातळीची ठेवावी. सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल ही शंका प्रत्येक बैठकीत निघते. सत्रातील अशा दिवसांना मर्यादा घातली की तिचे निरसन होते. शिवाय नियम सर्वांना सारखा असल्यामुळे कोणाचे लाड होत असल्याची कुजबुजही थांबते.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे, म्हणजे कोंडाळ्यांकडे, वळू. ‘आपापले गट करा’ असे वर्गात सांगितले की मुले आधी डावीउजवीकडे पाहतात, ओळखीचे चेहरे एकत्र येतात, आणि शेवटी ज्यांना कोणी बोलावले नाही अशा चारजणांचा गट शिक्षक स्वतः बनवतात. हे एका सत्रात पाच विषयांत घडले की वर्गाचे नकाशे कायमचे आखले जातात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते की केवळ सहवासाने पूर्वग्रह कमी होतील असे नाही. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा स्पष्ट पाठिंबा असावा लागतो. पुढे 1971 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांमध्ये वांशिक तणाव असताना मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी पाठाचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला, जेणेकरून एकमेकांचे ऐकल्याशिवाय कोणाचाच अभ्यास पुरा होऊ नये. विद्यापीठातही हे सहज करता येते: गट शिक्षकांनी पाडावेत, प्रत्येकाकडे प्रकल्पाचा एक अपरिहार्य भाग द्यावा आणि गट पूर्ण सत्र बदलू नये. फक्त अल्पसंख्य विद्यार्थ्यांना प्रत्येक गटात एकेकटे विखरून टाकू नये. त्याने ते अधिकच बुजतात.

वर्गात एखाद्या मुलीकडे वळून ‘तुमच्यात याविषयी काय म्हणतात?’ असे विचारण्याची सवयही शिक्षकांनी सोडावी. ती तिच्या धर्माची प्रवक्ती म्हणून प्रवेश घेऊन आलेली नसते, आणि एकाच धर्मात पंथ, भाषा, प्रांत आणि श्रद्धेची तीव्रता यांचे इतके प्रकार असतात की तिचे उत्तर फार तर तिच्या घरापुरते खरे असते.

प्रार्थनेसाठी जागा द्यायची असल्यास कोणत्याही धर्माचे कायमचे चिन्ह नसलेली शांत खोली पुरेशी आहे. भोजनगृहात प्रत्येक पदार्थात काय आहे याची पाटी लावावी. ‘सर्वांना चालेल’ अशी ग्वाही देण्यापेक्षा ती बरी.

मर्यादेचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय करारातील अठराव्या कलमात केलेला भेद इथे उपयोगी पडतो: श्रद्धा बाळगण्यावर कोणतेही बंधन घालता येत नाही, परंतु ती आचरणात आणताना इतरांचे हक्क, सुरक्षितता किंवा आरोग्य यांना बाधा येत असेल तर कायद्याने आवश्यक तेवढेच बंधन घालता येते. त्यामुळे प्रयोगशाळेत आगीजवळ सैल वस्त्र बांधून घ्यायला सांगणे योग्य, पण ते वस्त्र वर्गात डोळ्यांना खुपते म्हणून काढायला लावणे अयोग्य. हेच कलम विद्यार्थ्याला घरचा धर्म न पाळण्याची किंवा कोणताच धर्म न मानण्याचीही मुभा देते. वसतिगृहात समधर्मीयांच्या दबावाखाली असलेल्या अशा मुलाची तक्रारही तितक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे, आणि ती ऐकणारी व्यक्ती त्याच्याच समाजाची असावी असा आग्रह संस्थेने धरू नये.