सॉफ्टवेअरमधून 'पत्र तयार करा' दाबल्यावर वर्ड उघडतच नाही. विंडोज फॉरमॅट करावं लागेल का?

नाही. आणि ज्यानं फॉरमॅट सांगितलं त्याला आधी विचारा, टास्क मॅनेजर (आत काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची यादी) उघडून बघितलास का? बघितला नसणार.

मी शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागाला होतो. थकबाकीच्या नोटिसा सॉफ्टवेअरमधूनच निघायच्या. खातं निवडायचं, 'नोटीस काढा' दाबायचं, की नाव, पत्ता, येणे बाकी भरलेलं पत्र वर्डमध्ये समोर. २०१८ चा मार्च एंड. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले करायचे तर आधी नोटिसा गेलेल्या पाहिजेत, आणि माझ्या टेबलावर २१४ खाती. बटण दाबलं, निळं चक्र फिरफिर फिरलं आणि 'वर्ड सुरू करता आले नाही'. परत दाबलं, परत तेच. एकदा चाललं नाही की दहादा दाबायचं ही आपली पद्धत, मीही दाबलं.

सॉफ्टवेअरवाला फोनवरच म्हणाला, ऑफिस करप्ट झालंय, विंडोज नव्यानं टाकावं लागेल, माणूस एक तारखेनंतर येईल, व्हिजिट चार्ज वेगळा. साहेब लगेच तयार. मी म्हटलं जरा बघू द्या, तर म्हणाले, "अहो, तुम्ही बी. ए. मराठी. तुम्ही नोटिशीची भाषा बघा, मशीन त्यांना बघू दे."

साहेब जेवायला गेल्यावर टास्क मॅनेजर उघडला. विनवर्ड डॉट ईएक्सई, एकाखाली एक, अकरा! म्हणजे वर्ड दरवेळी सुरू होत होतं, दिसत नव्हतं एवढंच. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं हाक मारली की वर्ड पडद्याआड उठतं; पत्र भरून झालं की सॉफ्टवेअर त्याला पुढं आणतं. आत कुठं अडकलं, तर आपल्याला काहीच दिसत नाही. अकराही बंद केले आणि वर्ड डेस्कटॉपवरून उघडलं. सुरुवातीच्या निळ्या पाटीवरच चार मिनिटं बसून राहिलं.

अडलं होतं प्रिंटरवर. वर्ड उघडताना डीफॉल्ट प्रिंटरची, म्हणजे आपण दुसरा निवडला नाही तर जो वापरला जातो त्याची, चौकशी करतं. विंडोज १० मध्ये 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू दे' ही खूण असली की शेवटी वापरलेला प्रिंटरच डीफॉल्ट होऊन बसतो. आदल्या दिवशी मी काउंटरवरच्या प्रिंटरवर एक पासबुक भरून दिलं होतं. तो प्रिंटर काउंटरच्या मशीनला जोडलेला, आणि काउंटरवरचे मामा सासनकाठीबरोबर जोतिबाच्या चैत्र यात्रेला. त्या वर्षी चैत्र पौर्णिमा नेमकी ३१ मार्चला आली होती. मशीन बंद, आणि वर्ड त्याच्या दारात उभं. खूण काढली, डीफॉल्टला 'प्रिंट टू पीडीएफ' (कागदाऐवजी फाइल काढणारा विंडोजचाच प्रिंटर) दिला. पुढच्या दाबाला नोटीस समोर.

तुमचंही हेच असेल असं नाही. अडकलेले विनवर्ड बंद करा (उघडी कागदपत्रं आधी सेव्ह करा, नाहीतर मला शिव्या द्याल), मग वर्ड एकटं उघडून बघा. तेही अडलं तर प्रिंटर बदला. मग कंट्रोल दाबून धरून वर्ड उघडा. असं उघडलं की ते सेफ मोडमध्ये, म्हणजे जादा काही न घेता, सुरू होतं. तसं चाललं तर एखादं ॲड-इन (वर्डला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) नडतंय किंवा नॉर्मल डॉट डॉटएम ही वर्डची मूळ साच्याची फाइल बिघडलीय. त्या फाइलचं नाव बदला, वर्ड नवी करून घेतं. जुनी पुसू नका, तुमचे मॅक्रो त्यातच असतात. वर्ड एकटं झकास उघडतं पण सॉफ्टवेअर ४२९ एरर देतं (वर्डला हाक मारता येत नाही असा त्याचा अर्थ), असं असेल तर ऑफिसचं ऑनलाइन रिपेअर, म्हणजे नेटवरून दुरुस्ती, करा. आणि हो, वर्डच बसवलंय ना? सॉफ्टवेअर वर्डला नावानं हाक मारत असेल तर लिब्रे ऑफिस हे वर्डसारखं फुकटचं सॉफ्टवेअर ओ देत नाही.

एवढं करूनही फॉरमॅटची वेळ आली, तर आधी फॉण्ट कॉपी करून ठेवा. आमच्याकडं सगळं सुरळीत चालू असताना एप्रिलमध्ये तो माणूस आलाच, साहेबांनी फॉरमॅट मारून घेतलाच. जुन्या नोटिसा टाईपलेल्या फॉण्टची कॉपी कुणाकडंच नव्हती. उघडल्या की मराठीच्या जागी एबीसीडीचा कचरा. फॉण्ट बसवायला परत तोच माणूस, परत व्हिजिट चार्ज. आणि तो येईपर्यंत साहेबांच्या केबिनमधून रोज हाक, "अहो, हे काय लिहिलंय जरा वाचून सांगा."