जीव केमिकलमधून आला, मग आमच्या विठ्ठलाचं काय?

प्रश्न: माझा मुलगा सांगलीत बीएस्सीला आहे. परवा जेवताना सासूबाईंसमोर म्हणाला की जीव केमिकलमधून आपोआप तयार झाला, देवाबिवाचं त्यात काही काम नाही. आमचं घर माळकरी, सासूबाई ताटावरून उठून गेल्या. मला सायन्स कळत नाही पण हे खरं असेल तर आम्ही इतकी वर्षं काय करतोय? – एक आई, वाळवा तालुका

उत्तर: ताई, तुमच्याकडे उसाला युरिया टाकतातच. हाच युरिया पूर्वी लघवीतून मिळायचा आणि असले पदार्थ बनायला प्राणशक्तीच लागते असं बऱ्याच शास्त्रज्ञांनाही वाटायचं. १८२८ मध्ये फ्रेडरिक वोहलर या जर्मन केमिस्टने तो लॅबमध्ये साध्या क्षारापासून बनवला, ना जनावर ना माणूस. लगेच सगळ्यांना पटलं असं नाही, पण हळूहळू ती समजूत गेली, आणि आज युरियाची गोणी खांद्यावर वाहणारा माणूस आषाढीला पंढरीची वाट चालतोच की.

पुढे १९५३ मध्ये स्टॅनले मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेत विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि त्यातून अमिनो आम्लं मिळाली, म्हणजे प्रोटीनच्या विटा. १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केतही ती सापडली. त्यामुळे मुलगा हवेत बोलत नाहीये. पण त्यालाही सांगा की विटा म्हणजे घर नाही, निर्जीव रसायनांपासून सुरुवात करून जिवंत पेशी अजून कुणालाच बनवता आलेली नाही, आणि पृथ्वीवर साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वी जीव होते एवढं दगडांत दिसतं, ते नेमके कसे सुरू झाले यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही.

आता तुम्हाला वाटेल, मग तिथे देव आहे. ताई, कृपा करून तिथे देव ठेवू नका! उद्या कुणी पेशी बनवली तर काय कराल, विठ्ठलाला तिथूनही उठवणार? जे अजून कळलं नाही त्याच्यावर श्रद्धा उभी केली की प्रत्येक नव्या शोधाची धास्ती लागते. आणि स्पष्टच सांगते, सृष्टी अमक्या दिवसांत अशीच घडली हे कोणत्याही धर्मातलं वर्णन जसंच्या तसं खरं मानायचं असेल तर ते टिकणार नाही. पण तुम्ही वारीला पेशी कशी झाली ते कळावं म्हणून जाता का हो? तुम्ही जाता ते त्याला भेटायला, सोबतच्यांच्या पाया पडायला, अहंकार जरा खाली ठेवायला. मिलरच्या प्रयोगाने त्यातलं काहीच खोटं ठरत नाही. देव नाहीच, हे काही त्या फ्लास्कमधून निघालेलं नाही, तो मुलाचा स्वतःचा निष्कर्ष आहे आणि तो काढायचा त्याला हक्क आहे.

सासूबाईंना दुखवलं याबद्दल मात्र त्याने माफी मागावी, मताबद्दल नको, बोलण्याच्या पद्धतीबद्दल. आणि यंदा त्याला वारीला यायचं नसेल तर जबरदस्ती करू नका.