नीटचं नंतर बोलू, आधी तिच्या आईच्या कामाचं

प्रश्न : मुलीनं दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसला पुरतील एवढे गुण पडले नाहीत. तिसऱ्यांदा दे म्हटलं तर ऐकत नाही. तिची आई वस्तीत आशा (सरकारी आरोग्य कार्यकर्ती) म्हणून काम करते. ‘मलाही आईसारखंच काम करायचंय,’ असं मुलगी म्हणते. क्लासवर एवढा पैसा घातला तो दारोदार फिरण्यासाठी का? तिला समजवा. – एक वडील, गोवंडी

उत्तर : गुणांचं पाहू, पण तुमच्या पत्रातल्या ‘दारोदार फिरणं’ या शब्दांनी मला जास्त काळजी वाटली. घरात दोघींसमोरही तुम्ही असंच बोलत असाल, तर मुलीचा अर्धा राग त्या शब्दांवर आहे.

तुमची पत्नी दारोदार फिरून काय करते? बाळंतीण रुग्णालयातून घरी आली की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशा त्या घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध नीट ओढतंय का, श्वास घेताना छाती आत जातेय का, हे पाहते. या सहा भेटींचे मिळून 250 रुपये! खेड्यात दवाखाना लांब असतो. गोवंडीत तो चार गल्ल्यांवर असतो आणि तरी माणूस जात नाही, कारण रांगेत दिवस गेला की रोजी बुडते. भाडेकरू खोली बदलतो आणि नोंदवहीतून निसटतो. गरोदर बाई बाळंतपणाला गावी निघून जाते, तिच्या तपासण्यांचा धागा तुटतो. क्षयाच्या गोळ्या किमान 6 महिने घ्याव्या लागतात, पण खोकला थांबला की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच रुग्ण त्या सोडतो. त्याला हुडकून, शेजारच्यांना पत्ता लागू न देता, पुन्हा गोळ्यांवर आणायला कुणीतरी ओळखीचंच लागतं. डॉक्टरला हे खुर्चीत बसून जमत नाही. तुमच्या मुलीनं हे सगळं लहानपणापासून पाहिलंय. आपल्याला काय करायचंय हे तिच्याइतकं नेमकं सांगणारी मुलं माझ्याकडे फार थोडी येतात.

मात्र मुलीच्याही मनात एक गैरसमज आहे, आणि तो मोठा आहे. ‘आईसारखंच काम’ म्हणजे आशा व्हायचं, असं तिला वाटत असेल तर माझा स्पष्ट विरोध आहे. आशा ही नोकरी नाही. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे, काही ठरावीक आणि बाकीचा कामागणिक. निवड साधारण 25 ते 45 वयाच्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाईची होते. तुमची मुलगी त्यात बसतही नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, आणि 2024 मध्ये आपल्याच राज्यातल्या आशांना वाढीव मोबदल्याच्या शासन आदेशासाठी आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. आईवर झालेला अन्याय मुलीनं पुढे चालवायचं कारण नाही. तिनं याच कामात यावं, पण पदवी घेऊन, पगारावर.

नीट सोडा. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची सीईटी आहे. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, चर्चगेटच्या निर्मला निकेतनमध्ये होते. पुढे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अनेक संस्थांत एमबीबीएसची अट नसते. त्यासाठी जिचं नाव घेतलं जातं ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था तर तुमच्या घराजवळ, देवनारला आहे. माझं मत विचाराल तर आधी नर्सिंग. हातात कौशल्य असलं की आरोग्य केंद्रातही तिचं म्हणणं ऐकलं जाईल. फक्त एक सांगून ठेवतो, शहरी आरोग्य केंद्रांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. तेव्हा कायम पदांच्या जाहिरातींवर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवायला तिला सांगा.

आणि क्लासच्या फीचा तुम्ही उल्लेख केलात. त्यात आशाच्या मोबदल्याचे पैसे किती होते, हे पत्रात लिहिलेलं नाही. ते आधी पत्नीला विचारा. तिसऱ्या वर्षाची फी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर याच आठवड्यात क्लासवर जाऊन परत मागा. ते पैसे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागतील.