पूर्वी ट्रम्पेट-कॉर्नेटसारखी फुंकून वाजवायची पितळी वाद्यं बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार खरंच एवढे कसबी होते का?

हो, आणि मशीन असूनही होते. अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावात कॉन नावाच्या माणसाचा वाद्यांचा कारखाना 1870च्या दशकात सुरू झाला, तिथलं किंवा तेव्हाच्या कुठल्याही चांगल्या कारखान्यातलं कामच बघा. ट्रम्पेटचं पुढचं भोंग्यासारखं तोंड सपाट पितळी पत्र्यातून काढायचे, पत्रा कापून गुंडाळायचा, कडा जोडून डाग द्यायचा आणि मग लोखंडी साच्यावर चढवून ठोकत बसायचं. ठोकलं की पितळ कडक होतं, तसंच रेटलं तर तडकतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून नरम करायचं, आणि किती तापवायचं हे बरंचसं रंगावरून ठरायचं, सगळी नजरेची कमाल! नळी वाकवताना चेपू नये म्हणून आत वितळलेली राळ किंवा शिसं भरायचे, वाकवून झाल्यावर तापवून बाहेर काढायचे. मला सगळ्यात भारी वाटतं ते व्हॉल्व्हचं, म्हणजे सूर बदलायला बोटाने दाबायच्या झडपांचं काम. झडपेतला सरकणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, बारीक पावडर लावून घासायचा, इतका की हवा निसटू नये पण बोटाखाली सर्रकन खाली-वर झाला पाहिजे. असं शिकलेले लोक पुढे स्वतःचे कारखाने काढायचे, पुढे वाद्यांचा कारखाना काढणारा बुशर हा आधी कॉनकडचाच फोरमन.