1780 च्या सुमाराला केंटकीत आलेला पूर्वज कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या घराण्यातला कोणी एक जण 1780 च्या आसपास अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून शेजारच्या केंटकीत आला एवढंच सगळे सांगतात आणि सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, तो काही सापडत नाही. नाहीच सापडणार हो, केंटकीचे 1790 आणि 1800 चे सेन्ससचे कागद शिल्लकच नाहीत, पहिला मिळतो तो 1810 चा, त्यातही नाव फक्त घरातल्या कर्त्याचं, बाकी बायकामुलं नुसती आकड्यात.

जमिनीपासून सुरुवात करा. 1792 पर्यंत केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होता, आणि व्हर्जिनियाने 1779 मध्ये कायदा केला की 1778 च्या आधी जो तिथे जाऊन राहिला त्याला 400 एकर, वर लागून असलेली 1000 एकर घ्यायचा पहिला हक्क. त्यामुळे वॉरंट (जमीन मिळण्याचा हुकूम), मोजणी, ग्रँट (जमीन नावावर करून देणारी सनद) असे एकामागोमाग कागद तयार व्हायचे आणि केंटकी लँड ऑफिसच्या साइटवर त्यातले पुष्कळ स्कॅन करून ठेवलेत. हद्दी लिहायच्या त्या अमुक ओढ्यापासून तमुक झाडापर्यंत, मग एकाच जमिनीवर दोघातिघांचा दावा, मग वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. पण आपल्याला त्या खटल्यांतल्या साक्षी हव्यात, कारण म्हातारी माणसं त्यात सांगतात की कोण कोणाबरोबर आलं, कुठल्या गढीत राहिलं.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या आजोबांचंच बघा, त्यांचंही नाव अब्राहम. लिंकन यांनी 1859 मध्ये स्वतःची माहिती लिहून दिली त्यात आजोबा 1781-82 च्या सुमाराला केंटकीत आले आणि एक-दोन वर्षांत इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, लोकांकडून मारले गेले असं आहे. कागद काय सांगतात, तर केंटकीतल्या लाँग रन ओढ्यावरच्या त्यांच्या 400 एकरांची मोजणी झाली मे 1785 मध्ये, मृत्यू 1786 चा. आणि मोजणीत आडनाव लिहिलंय लिंकहॉर्न! एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात ही गत, तेव्हा सासरच्यांनी सांगितलेलं वर्ष धरून बसू नका आणि आडनाव कानाला जसं ऐकू येईल त्या सगळ्या स्पेलिंगने शोधा.

तुमचा पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल आणि 1832 ला हयात असेल तर पेन्शनची फाइल नक्की बघा. त्या वर्षीच्या कायद्यात मिलिशियावाल्यांनाही (गावोगावच्या नागरी फौजेतल्यांनाही) पेन्शन मिळाली, पण त्यासाठी कोर्टात उभं राहून जन्म कुठला, भरती कुठे झालो, नंतर कुठे कुठे राहिलो हे सगळं सांगावं लागायचं, म्हणजे अख्खा प्रवास त्याच्याच तोंडून. मला स्वतःला हे वाचायला सगळ्यात जास्त आवडतं.

शिवाय काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) टॅक्स लिस्ट, त्या जवळजवळ दरवर्षीच्या असतात. त्यात घोडे किती आणि गुलाम किती हेही लिहिलेलं असतं, तो रकाना वगळू नका, तीही माणसं त्याच घरात राबत होती आणि त्यांचे वंशजही आज हेच कागद चाळतायत.

काउंटी कुठली ते कळवा, पण लक्षात ठेवा की 1780 च्या अखेरीला तिथे तीनच काउंट्या होत्या, जेफरसन, फेयेट आणि लिंकन, त्यामुळे आजच्या नकाशातल्या काउंटीचे जुने कागद या तिघींपैकी एकीकडे निघतील.